वहीत नसलेल्या आया

अरे ऐका की, आमची कोल्ही संपत आली! मोबाईलच्या गेममधली रं, निळ्या शेपटीची! मी कोऱ्हाळ्यात अन् माझा दोस्त धम्मदीप इंदापुरात, दोघांनी मिळून दोन वर्षं पाळलेली. सख्ख्या-सावत्र भावंडांची जोडी लावली की पिल्लं जगत न्हाईत, म्हणून मी वही ठेवली. कुणाची जोडी लावली, पिल्लू कवा झालं, सगळं लिवायचो. तरीबी यंदा एकबी पिल्लू जगलं न्हाय.

काल धम्मदीपची थोरली बहीण, ज्योत्स्नाताई, आमच्याकडं आली अन् तिनं वही चाळली. म्हणली, "शाण्या, ह्यात आया कुठं हायत?"

बघतो तर काय! शाळेच्या हजेरीसारखं पिल्लाचं नाव अन् पुढं बापाचं. बाप येगळा दिसला की आमी बिनघोर जोडी लावायचो. आई एकच असली तर?

"दोन वर्षं लिवत होतास, अन् एकदाबी आठवलं न्हाय व्हय रं?" ताई हसली न्हाय.

आता एक नर अन् एक मादी उरलीय. बाप येगळं हायत. आई कोण, ते दोघांनाबी आठवंना. मादी म्हातारी झालीय, जोडी लावायला आजचाच दिवस हाय. धम्मदीप सकाळपासनं विचारतोय, "लावू का जोडी?"

मी वहीत आईचा रकाना आखलाय, दोघांच्याबी नावापुढं तो कोराच हाय.