डेप्युटेशन की ट्रान्स्फर

मी अण्णांना, आमच्या वडिलांना, कुशीवर वळवत होते, तेवढ्यात धाकटा भाऊ कारखान्यातून आला. हातातली अवजारांची पेटी त्याने अशी काही आदळली की अण्णा दचकले.

"ताई, डेप्युटेशनवर चाललोय. दुसऱ्या प्लांटला. सहा-आठ महिने, मग आहेच मी."

"म्हणजे ट्रान्स्फर का रे?" अण्णांनी विचारलं.

"तेच ते, अण्णा. सारखंच."

सारखंच कसं? त्याच कारखान्याच्या पॅकिंग खात्यात माझं उभं आयुष्य गेलंय, मला नका सांगू. डेप्युटेशनवरचा माणूस पाहुण्यासारखा जातो आणि काम उरकलं की आपल्या जागेवर परत येतो. ट्रान्स्फरवाल्याची इथली जागाच उरत नाही. आमच्याकडे डेप्युटेशनवाल्याच्या लॉकरला त्याचंच कुलूप राहतं, अवजारं आत. पेटी घरी नेतो तो कायमचा चाललेला.

मी सकाळच्या शिफ्टला, तो दुपारच्या, म्हणून अण्णांजवळ सतत कुणीतरी असतं. डेप्युटेशन असेल तर रजा जोडून, शेजारणीच्या हातापाया पडून कसंतरी निभावेन. ट्रान्स्फर असेल तर माझी नोकरी संपली.

अण्णांना भरवून मी स्वयंपाकघरात भांडी घासायला घेतली. तो मागोमाग आला.

"पेटी का आणलीस?"

"अशीच. गंजते तिथे."

"कुणाला बनवतोस? लॉकर सोडलास ना?"

"हो."

"काय मेली माणसं! घरात आजारी माणूस आहे, माहीत नाही का त्यांना? उद्याच जाते मॅनेजरकडे. चांगली खडसावते."

"जाऊ नकोस, ताई. मीच अर्ज केला होता. नाही होत आता माझ्याने."

खरं तर त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण तेवढंही त्राण नव्हतं अंगात. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला. हे असं मागता येतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि मी कुणाकडे अर्ज करू रे?"

आतून अण्णांनी हाक मारली, त्यालाच. तो जागचा हलला नाही. मी हात पुसले आणि गेले.