दोनदा वजा झालेली वीत

"ही बघा तुमची वाडी. कोरडी आहे," विनीता मॅडम लॅपटॉप मुरारीकडे वळवत म्हणाल्या.

पडद्यावर समुद्रात वादळ उठलं, भरतीचं पाणी फुगून सावित्रीच्या खाडीत शिरलं, दासगावपर्यंत चढलं आणि मुरारीच्या अंगणाखाली येऊन शहाण्यासारखं थांबलं. खरं पाणी एवढं ऐकणारं असतं तर काय हवं होतं! मागच्या पुरात ते त्याच्या चुलीवरून गेलं होतं.

मॅडम वादळी लाटांचं गणित संगणकावर मांडत. पाण्यात सापडणाऱ्या वाड्यांची त्यांची यादी आज महाडच्या कचेरीतून वर जाणार होती. यादीत आलेल्यांना उंचावर जागा मिळणार, बाकीच्यांनी तिथेच राहायचं. आणि हे गणित जुळवलं होतं मुरारीच्याच आकड्यांवर. पंचवीस वर्षं तो धक्क्यावरच्या मोजपट्टीवर पाण्याची उंची वाचून वहीत लिहीत होता. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा त्याने खाडा केला नव्हता. त्या वहीचा त्याला भारी अभिमान. आता मात्र पडद्यावरची कोरडी वाडी बघून त्याला वहीत न लिहिलेली एक गोष्ट आठवली.

"मॅडम, एक सांगायचं हाय. धा वर्सांमागं वाहत आलेलं झाड पट्टीवर आपटलं. पट्टी वीतभर खाली बसली, पाणी उगाच वीतभर जास्ती दिसाया लागलं. मंग मी रोज तेवढं वजा करूनच लिवलं."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणाला कशाला? आकडा बरोबर जात व्हता ना!"

मॅडमचा चेहरा उतरला. "मुरारीभाऊ, पट्टी खचल्याचं आम्हाला गेल्या वर्षी मोजणीत कळलं. आम्हीही वीतभर वजा केलं. आधीची मोजणी दहा वर्षांपूर्वीची, म्हणून सगळ्या दहा वर्षांच्या आकड्यांतून."

वाडी कोरडी राहिली होती ती तेवढ्यानेच.

"मंग घाला की परत!"

"कागदावर काहीच नाही हो. एखाद्या दिवशी वजा करायला विसरला असाल, तर?"

"मी कदी इसरलो नाय."

मॅडम साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या खाली मान घालून. "साहेब म्हणतात, स्वतःची वाडी यादीत घुसवायला हा माणूस आज गोष्ट रचतोय."

पंचवीस वर्षांचा खरा माणूस खोटा ठरायला पाच मिनिटं पुरली. यादी चार वाजता गेली.

घरी त्याची बायको रखमा दारातच उभी होती. "काय वो, आलं काय आपल्या वाडीचं नाव?"

"नाय. माझ्यामुळं ऱ्हायलं."

त्याने सगळं सांगितलं. आत जाऊन तिने बियाण्याच्या भाताचं पोतं शिडीपाशी ओढलं. "धरा तिकडनं," ती म्हणाली. पावसाळ्याला अजून महिना होता. दोघांनी मिळून पोतं माळ्यावर चढवलं.

"चंद्रभागाकाकी एकटी हाय. तिचं पोतं बी चढवून या."

मुरारी शेजारच्या दारापर्यंत गेला. काकी आत तांदूळ निवडत बसली होती. तिला हाक मारायला त्याचं तोंडच उघडेना.