कालिंदीबाईंचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डावा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो स्वभावाने गरीब, म्हणून ही गोष्ट मी सांगतो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला बहुधा आपलं दुःख सांगतात. मी सूड कसा उगवला ते सांगणार आहे.

ठाकूरद्वारच्या एका बोळात मनू नावाच्या कारागिराने मला शिवलं. कालिंदीबाई साळसकर चिंचपोकळीच्या चाळीत राहणाऱ्या. बत्तीस वर्षं एका कचेरीत टायपिंग केलं, आजारी नवऱ्याचं शेवटपर्यंत केलं, आणि साठी उलटल्यावर एका सकाळी मनूच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "मला फ्रान्समध्ये चालायला जायचंय. एकटीला. सातशे चाळीस किलोमीटर."

मनूने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तिथे टॅक्सी मिळत नाय काय?"

"मिळते की. पण मला चालायचंय."

बाईंच्या डाव्या अंगठ्याशी हाड वाढलेलं. तयार बूट पायात शिरेना. मनूने कागदावर पाऊल काढून घेतलं आणि त्या हाडासाठी मला मुद्दाम फुगवटा ठेवला. दिसायला मी जरा बेंगरूळच आहे. पण त्या एका पायासाठी जन्मलो, याचा मला फार अभिमान होता.

बाईंचा धाकटा दीर हेरंब सहली न्यायचा धंदा करतो. वयाने मोठा असला तरी मी त्याला अहोजाहो करणार नाही. त्याने बेत ऐकला आणि सगळ्यांसमोर हसला. "वहिनी, करी रोडचा पूल चढताना तुम्हाला दम लागतो. फ्रान्स कुठलं काढलंत?" दुसऱ्या दिवसापासून पाठीवरच्या पिशवीत आठ किलो तांदूळ घालून बाई रोज पहाटे शिवडीपर्यंत चालू लागल्या. बिऱ्हाडाबिऱ्हाडातून लोक डोकावून बघत.

मे महिन्यात आम्ही ले पुई नावाच्या गावातून निघालो. झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते बघत चालायचं. गाईंची कुरणं, चेस्टनटची रानं, तासन्‌तास माणूस दिसत नाही. सोमवारी पाववाल्याचं दुकान बंद, मग पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू. मुक्कामाच्या घरी बूट दाराबाहेर फळीवर ठेवायची पद्धत. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, "हे तर आपल्या चाळीसारखंच." बाराव्या दिवशी पाऊस लागला. गुडघाभर चिखल, वाट चुकलेली. बाई एका दगडी कुंपणावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. चाळीत भिंतीला भिंत लागून, तिथे कधी असं रडता आलं नव्हतं. मग डोळे पुसून आम्हाला म्हणाल्या, "चला रे."

चौतीस दिवस चाललो. रोज रात्री बाई डायरी लिहायच्या. त्या चौतीस दिवसांत कुणी त्यांना वहिनी म्हटलं नाही, काकू म्हटलं नाही. पूर्ण स्वतःच्या नावाची अशी त्यांची ही एकच गोष्ट होती, मित्रांनो. घरी आल्यावर त्यांनी आमचा चिखल धुतला नाही. आठवड्याला तेलाचा हात, आत वर्तमानपत्राचे बोळे. आम्ही सुखात होतो.

मग दादरच्या एका मंडळाला या पायी प्रवासावर कार्यक्रम हवा होता. निरोप नेमका हेरंबने घेतला. "वहिनींना माइकसमोर बोलता येत नाही," त्याने परस्पर सांगून टाकलं. घरी येऊन म्हणाला, "वहिनी, बूट आणि डायरी द्या दोन दिवस. प्रदर्शनात ठेवतो." बाईंनी भाबडेपणाने दिली.

त्याने काय केलं? बादलीत साबणाची पूड टाकून मला भिजवलं. बाईंनी जपलेला फ्रान्सचा चिखल घासून मोरीत सोडला. मग भर उन्हात गच्चीवर तीन दिवस टाकून ठेवलं. माझं चामडं पापडासारखं कडक झालं. आणि चौथ्या दिवशी मी मंडळाच्या दारावरचा फलक पाहिला. 'सातशे चाळीस किलोमीटर, एकट्याने! वक्ते : हेरंब साळसकर.' तेव्हाच मी ठरवलं की याला सोडायचा नाही.

लोकांवर छाप पडावी म्हणून तो आम्हाला पायात कोंबून मंचावर उभा राहिला. मी पहिल्या पाच मिनिटांतच टाचेला धरला. तो घामाघूम झाला, पण तोंड चालूच. सभागृहात शेवटच्या रांगेत कालिंदीबाई बसल्या होत्या. फलक त्यांनीही वाचला होता. मांडीवरच्या पिशवीत दाराशी काढलेल्या हेरंबच्या चपला होत्या, त्यांनी गुपचूप उचललेल्या.

"एकोणिसाव्या दिवशी तर," हेरंबने आवाज चढवला, "एक भलामोठा कुत्रा माझ्यावर धावून आला! कडकडून चावला. रक्त आलं. डॉक्टर इंजेक्शन घेऊनच धावत आला."

कालिंदीबाई उभ्या राहिल्या. "भावजी, तो कुत्रा नव्हता. बूट होता."

सगळ्या माना मागे वळल्या.

"मी डायरीत लिहिलंय, 'आज डावा कडकडून चावला. रक्त आलं. डॉक्टर इंजेक्शन घेऊन आला.' डावा म्हणजे डावा बूट, पावसाने आखडलेला. मी घरमालकिणीला इंग्रजीत सांगायला गेले, शू, बाइट, बाइट. तिला वाटलं कुत्रा चावला. तिनेच डॉक्टर बोलावला."

लोक पोट धरून हसले. हेरंबचा चेहरा पडला, तरी मान वर. "वहिनींचा काहीतरी गैरसमज झालाय. चाललो मीच."

"हो का?" बाईंचा आवाज गोड होता. असा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मग चिंचपोकळी तर इथून चारच किलोमीटर. त्याच बुटांत घरी चालत जाऊ या. तुमच्या चपला माझ्या पिशवीत आहेत."

मंडळाची चिटणीस नूपुर ताडकन उठली. "मी पण येते, काका!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आता नाही कसं म्हणणार?

मित्रांनो, ते चार किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे. हिंदमाताला मी टाच सोलली. पुढे करंगळीचा समाचार घेतला. तो पाय ओढत होता, बाई झपझप पुढे, नूपुर मागे. परळ नाक्यावर तो फुटपाथवर मट्‌कन बसला.

"नाही चाललो मी," तो ओरडला. फुलवाली, बसच्या रांगेतले लोक, सगळे वळून बघू लागले. "वहिनी चालल्या! सगळं वहिनी चालल्या! बस झालं?"

"ऐकलंस ना नूपुर?" बाईंनी विचारलं.

"ऐकलं काकू. पुढच्या रविवारी तुम्हीच बोलायचं."

हेरंबने चपलांसाठी हात पुढे केला. बाईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"अजून लालबाग यायचंय, भावजी. उठा."

म्हणून सांगतो, चामड्याला साबण लावू नका, सावलीत वाळवा, अधूनमधून तेल द्या. आणि दुसऱ्याच्या पायांनी तुडवलेली वाट आपली म्हणून सांगू नका. हेरंबला पंधरा दिवस पायात काही घालता आलं नाही. उजव्याला त्याची दया येते. मला येत नाही.