माळ्यावरचे लालशेपटे

बियाण्याच्या दुकानासमोर गर्दीने रस्ता अडला होता. गल्लीत दोघं उंदरांपासून होणाऱ्या तापाने गेल्यापासून उंदीर दिसला की लोक दारं लावून घेत, आणि इथे एका मंत्र घालणाऱ्या बाबांच्या तळहातावर एक उंदीर ताठ पडला होता. बाबांनी मूठ मिटली, बराच वेळ पुटपुटले. मूठ उघडली तर उंदीर मिशा हलवत उठून बसला. मग त्याची शेपटी लाल रंगात बुडवून बाबांनी त्याला दुकानात सोडलं. याचं विष मी प्यालो, आता हा मांजराहून सभ्य, असं त्यांनी बजावलं. त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून गळणारं थंडगार पाणी लोक डोळ्यांना लावत होते. दुकान ज्यांचं, त्या घरच्या सासूबाई सर्वांत पुढे.

बाबांना आणलं होतं धाकट्या सुनेने. त्यामुळे आठवडाभर घरात धाकटीचाच पायगुण, आणि तिला दिवस गेलेले, म्हणून तिचेच लाड. थोरली प्रयोगशाळेत उंदरांचं रक्त तपासायची. घरी आली की तिला लांबूनच सांगत, आधी हात धू. तिचा नुसता जळफळाट होत होता.

आठवडाभरात बाबांनी असे बरेच लालशेपटे सोडले. आता दुकानावरचा माळाही शुद्ध झाला, तो धाकटीच्याच हातून झाडून घ्यायचं ठरलं. झाडू दे, थोरलीच्या मनात आलं, लाडकी ना. पण दुसऱ्याच क्षणी ती जिना चढून गेली आणि तिने जावेच्या हातातला झाडू ओढला.

"ताई, माझं काही चांगलं बघवतच नाही तुम्हाला."

"नाही बघवत. जळते मी तुझ्यावर. पण याच माळ्यावरचे अकरा लालशेपटे मी पकडून तपासले. तिघांच्या रक्तात तापाचा विषाणू निघाला, तो काही माझ्या जळण्याने नाही निघाला."

"आजारी असते तर अशा उड्या मारल्या असत्या?"

"तिथंच फसलात सगळे. उंदराला त्याचं काही होत नाही. तो विषाणू अंगात घेऊन मजेत हिंडतो. रानातल्या, गोदामातल्या उंदरांत असे थोडेफार सापडतातच, कुठे कमी, कुठे जास्त. मरतो माणूस, त्यांच्या लेंड्यांची धूळ नाकात गेली की."

खालून सासूबाईंनी विचारलं, मग मेलेला उठला कसा?

थोरली खाली आली; दुकानासमोर बाबांभोवती नेहमीची गर्दी होती. हातमोजे घालून तिने बाबांच्या डब्याचं झाकण उघडलं. तळाशी बर्फ, त्यावर गारठलेले दोन उंदीर. तिने एक मुठीत धरला. मंत्र नाही, काही नाही. मुठीच्या उबेने थोड्या वेळात तो वळवळला. बाबा म्हणाले, तो बर्फ म्हणजे माझ्या तपाचा थंडावा. कुणी हसलं, मग सगळेच हसले. सासूबाई तेवढ्या डोळे धुवायला नळाकडे गेल्या.

माळा थोरलीनेच साफ केला: खिडक्या उघडून, तोंडाला मास्क बांधून, लेंड्यांवर ब्लीचचं पाणी ओतून, त्या चांगल्या भिजल्यावर टिपून. खाली सासूबाई धाकटीचे पाय चेपत होत्या. ते दिसलं आणि तिला पुन्हा चरचरलं. मत्सर असा एका दिवसात जात नाही, आणि तो जाईपर्यंत खरं बोलायचं थांबायचं कारण नाही. तुमच्याही माळ्यावर उंदीर असतील. ते तरतरीत दिसतात म्हणून कोरडा झाडू फिरवू नका, आणि कुणी मेलेला जिवंत करून दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: आता माझ्या हातात द्या, मी करून बघते.