शेवटच्या ओळीतलं नाव

निवृत्ती सरांना राग यायला कारण लागत नसे. चहात साखर जास्त पडली तरी ते तापायचे, आणि एखादा पास दोन फूट चुकला तर अख्ख्या सातपूरला कळेल एवढं ओरडायचे. पण कुणाला वाईट बातमी सांगायची वेळ आली, की याच माणसाची दातखीळ बसायची. सासरे वारले तेव्हा बायकोला ते सांगायला त्यांनी शेजाऱ्याला पुढे घातलं होतं. असल्या माणसाने खरं तर कोच होऊच नये. पण ते झाले होते, आणि गेली अकरा वर्षं गोदातीर एफसीची टीम त्यांच्याच हातात होती.

यंदा टीमची दशा बघवत नव्हती. एकवीस सामन्यांत चार विजय. आज शेवटचा सामना होता, तोही घरच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी टीम लीगमध्ये टिकणार होती. हरली तर खालच्या गटात, आणि खालच्या गटातली टीम आपण चालवणार नाही, हे मालकांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. म्हणजे आज हरलो की खेळ खलास.

गोल कुठून होतात ते स्नेहलने सोमवारीच दाखवलं होतं. ही मुलगी लॅपटॉपवर प्रत्येक सामन्याची चिरफाड करायची. "सर, आपल्यावर चौतीस गोल झाले. त्यातले एकोणीस मंगळूदादांच्या मागून," ती म्हणाली, आणि मग उगाच चष्मा पुसत बसली. तिलाही ते सांगणं जड गेलं होतं.

मंगळू टीमचा कॅप्टन. सुरगाण्याकडचा. सतराव्या वर्षी, स्वतः कोच होण्याच्याही आधी, निवृत्ती सरांनीच त्याला टीममध्ये आणलं होतं. आज तो छत्तीसचा होता. गोदातीरचा सगळा बचाव त्याच्या एका हाकेवर चालायचा. समोरचा खेळाडू पास द्यायला पाय मागे घेतो न घेतो, तोच मंगळू ओरडायचा, "चला वर!" की चारही बचावपटू एकदम पुढे धावायचे, आणि समोरचा स्ट्रायकर मागे एकटाच ऑफसाइडमध्ये अडकायचा. एका डोंगरावरून पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला बोलावणाऱ्या लोकांतला तो. त्या हाकेला मैदान म्हणजे काय, परसदार. पण अलीकडे गुडघे दगा द्यायला लागले होते. हाक वेळेवर यायची, बाकीचे तिघे वेळेवर धावायचे, आणि हाक देणाराच मागे राहायचा. तो मागे राहिला, की कुणीच ऑफसाइड नसायचं.

इलाज उघड होता. मंगळूच्या जागी येवल्याचा अमित. बावीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा. पण मंगळूला हे सांगायचं कुणी? सोमवार गेला, मंगळवार गेला. सराव बदलला असता तर मंगळूला कळलं असतं, म्हणून सरांनी सरावही बदलला नाही. आठवडाभर मंगळूच हाक देत राहिला आणि अमित कडेला बसून बुटाच्या नाड्या बांधत राहिला.

टीमची एक जुनी रीत होती. सामन्याच्या दिवशी कोच यादी लिहिणार, आणि कॅप्टन ती यादी बघून ड्रेसिंग रूममधल्या खिळ्यांवर जर्सी टांगणार. ज्याच्या खिळ्यावर जर्सी, तो खेळणार. चौदा वर्षं जर्सी मंगळूच टांगत होता. दारालगतचा पहिला खिळा त्याचा स्वतःचा.

शनिवारी रात्री सरांनी यादी लिहिली. पहिल्या अकरांत मंगळू नव्हता. राखीव खेळाडूंतही नव्हता. चौदा वर्षं कॅप्टन राहिलेल्या माणसाला पोरासोरांत राखीव म्हणून बसवायचं सरांच्या जिवावर आलं. त्यांनी त्याचं नाव सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत लिहिलं: सहप्रशिक्षक. त्यांच्या मते हा मान होता. आपण काहीतरी चांगलं केलं, असं वाटून त्यांना झोपही बरी लागली. सकाळी त्यांनी यादी आधी पंचांच्या हवाली केली आणि मगच तिची प्रत मंगळूच्या हातात ठेवली. एकदा पंचांकडे गेलेली यादी ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. म्हणून तर आधी दिली.

मंगळूने यादी वाचत वाचत जर्सी टांगल्या. पहिल्या खिळ्यावर त्याने अमितची पंधरा नंबरची टांगली आणि तिची कॉलर नीट केली. आपली चार नंबरची त्याने घडी घालून परत पिशवीत ठेवली. मग यादी भिंतीवर चिकटवून तिच्यावर बोट खाली खाली नेत तो शेवटच्या ओळीशी थांबला.

"सर, कोचवाली टोपी घालू का मंग?" त्याने विचारलं.

"घाल कोणतीही," सर म्हणाले, आणि गवत ओलं आहे का ते बघायला बाहेर निघून गेले. गवत कोरडं होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

दुपारी मैदान भरलं. लहानूने पिंपळगावहून द्राक्षाच्या टेम्पोत घालून वीस ढोल आणले होते. तो तिथल्या पॅकहाउसमध्ये कामाला होता, आणि टीम जिंको वा हरो, त्याचा ढोल कधी थांबला नव्हता. चारला सामना सुरू झाला, आणि बाराव्या मिनिटालाच गोल झाला. पास आला, अमितने हाक दिली. हाक कसली, वर्गात उशिरा आलेलं पोर दारातून आत यायची परवानगी मागतं तसा आवाज. दोघे पुढे गेले, एक जागीच उभा राहिला, आणि स्ट्रायकर मधून आरामात निघून गेला. अमितचे पाय चांगलेच होते. पण त्या पोरांचे कान वर्षानुवर्षं एकाच आवाजाला लावलेले होते, आणि तो आवाज सरांनी स्वतःच्या हाताने बाकावर बसवला होता.

सरांनी मागे वळून पाहिलं. मंगळूला आत पाठवावं म्हणून तोंड उघडलं, आणि तिथेच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला कोच केला होता. कोचला मैदानात उतरवता येत नाही.

मंगळू मात्र उठून रेषेपर्यंत आला होता. पुढचा पास येतोय हे बघून तो ओरडला, "चला वर!" आणि चौघेही एकदम पुढे गेले. लाइनमनचा झेंडा वर झाला. चौथ्या पंचांनी येऊन ताकीद दिली, की रेषेजवळ उभं राहून सूचना देणारा माणूस एकच हवा. सरांनी मंगळूकडे पाहिलं आणि ते बाकावर जाऊन बसले. अकरा वर्षांत सामना चालू असताना ते बसले नव्हते.

चाळिसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून आपला गोल झाला. एक-एक. एवढंच पुरेसं होतं.

पण मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आपला बचाव मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेला. मंगळूची हाक आता तिथवर पोचेना. मध्ये लहानूचे वीस ढोल. सर उठले आणि तडक प्रेक्षकांत गेले.

"लहानू, ढोल थांबव."

"सर, ढोल बंद करून कुठं मॅच होती का?" लहानू म्हणाला. "पोरांना जोर कसा येईल?"

"मी पाया पडतो तुझ्या."

लहानूने ढोलाचं टिपरू काखेत मारलं. वीसच्या वीस ढोल गप्प झाले. ढोल थांबल्यावर लोकही आपसूक थांबले, आणि त्या मैदानावर कधी नव्हे ती शांतता पसरली. बुटाने बॉल मारल्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि त्यावरून मंगळूची हाक. साठावं मिनिट, सत्तरावं मिनिट. प्रत्येक हाकेला चार पोरं पुढे जात होती. सर हाकांवरच जगत होते. आज निभावलं, तर रात्री मंगळूच्या पाया पडेन, सगळं सांगेन, असं ते मनात घोकत होते. बाकावर शेजारी बसलेल्या स्नेहलने लॅपटॉप केव्हाच मिटला होता.

ऐंशीनंतर हाक चिरकायला लागली. मंगळू दोनदा पाणी प्यायला. छातीवर हात ठेवून तो पुन्हा ओरडला. मैदानात असता तर शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच बोलावं लागलं असतं. इथून त्याला अख्खं मैदान ओलांडायचं होतं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्याने पास द्यायला पाय मागे घेतला. मंगळूने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, तोंड तसंच उघडं राहिलं, पण आवाज निघाला नाही. वारा सुटल्यासारखं काहीतरी झालं, एवढंच.

चार पोरं हाकेची वाट बघत थांबली. सर उठून ओरडू शकले असते. पण तेही हाकेचीच वाट बघत होते. स्ट्रायकर एकटाच निघाला, आणि बॉल जाळीत गेल्याचा आवाज त्या शांततेत सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर ढोल वाजवायला कुणी सांगितलं नाही, आणि लहानूनेही वाजवला नाही.

ड्रेसिंग रूम रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही. पोरं एकमेकांकडे न बघता निघून गेली. अमित भिंतीकडे तोंड करून रडला आणि मग तोही गेला. मंगळू रिवाजाप्रमाणे खिळ्यांवरच्या घामेजलेल्या जर्सी काढून पिशवीत भरत होता. सर दारातल्या बाकड्यावर बसले होते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं का होईना, पण आता बोलणं भाग होतं.

"मंगळू, मी तुला सोमवारीच सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "माझी जीभच रेटली नाही रे."

मंगळू जवळ येऊन बसला. घसा पार बसला होता. तो काय म्हणतोय ते ऐकायला सरांना कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, सर," तो कुजबुजला. "अमितलाच घाला म्हनलो असतो. माझे गुडघे मला नाय का म्हाईत? फक्त मला राखीवमदी ठेवा म्हनलो असतो. शेवटची दहा मिन्टं उभा राह्यलो असतो की मी."

सरांनी त्याचा हात धरला. भिंतीवर चिकटवलेली यादी अजून तशीच होती, आणि जर्सी भरायच्या राहिल्या होत्या. थोड्या वेळाने मंगळू उठला आणि पहिल्या खिळ्यावरची पंधरा नंबरची काढायला गेला.