नाकमास्तरांचं औषध

आमच्या ह्यांना बेकरीत सगळे नाकमास्तर म्हणतात. तिथे भट्टीजवळ घड्याळ कधी नव्हतंच. हे दारापाशी उभे राहायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "काढा." पाव बाहेर यायचा तो अगदी बेताचा भाजलेला.

आणि अशा माणसाला अ‍ॅलर्जी व्हावी ती पिठाचीच! डॉक्टर म्हणाले, "पिठापासून लांब राहा, हेच खरं औषध." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही पेशंटपासून लांब राहून दाखवा बरं!" ह्यांनी मला कोपराने ढोसलं. मालकांना मात्र ह्यांनी साधी सर्दी आहे असंच सांगून ठेवलं.

मग गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीने शिंका थांबल्या, पण हे पीठ मळायच्या मशीनपाशी उभ्या उभ्या पेंगायला लागले. हात आत गेला असता म्हणजे? ती गोळी बंद केली. दुसरी झोप न आणणारी होती. ती घेतली काय नि न घेतली काय, नाक चोंदलेलंच. शेवटी ह्यांनी नाकात मारायचा फवारा आणला. पहिल्याच दिवशी जिन्यातूनच ओरडले, "अगं, कांदा करपतोय!" मला इतका आनंद झाला की कांदा तसाच करपू दिला.

हा फवारा दोन-चार दिवसांच्या वर नको, पुढे नाक उलट जास्तच चोंदतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकतील तर शपथ! एक बाटली खिशात, एक उशीखाली. मी लपवली की सगळं घर पालथं घालायचे. भांडून भांडून माझ्या नाकी नऊ आले. "नाकच चालत नसेल तर मला तिथे कोण विचारतंय?" म्हणायचे. फवाऱ्याचा जोर कमी कमी होत गेला आणि वास यायचा तो बंदच झाला. हे पावाचा रंग बघून अंदाज बांधायला लागले. दोनदा अख्खी भट्टी करपली.

काल घरी आले ते बूटही न काढता बसले.

"मालकांनी भट्टीवर घड्याळ लावलं."

"आणि तुम्ही?"

"मला पिठाच्या गोदामात टाकलंय. सर्दीवाल्या माणसाला बसून काम बरं, म्हणाले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, आता तरी खरं सांगायचंत!"

"सांगितलं तर तेही जाईल."

मग त्यांनी सदरा काढला, नाकाशी धरला. बराच वेळ धरला. आणि माझ्यापुढे केला.

"याला भट्टीचा वास येतोय का गं?"

येत होता. सगळी खोली भरली होती. इतकी वर्षं याच वासाला मी नाक मुरडलं, ह्यांचे सदरे वेगळे भिजवले.

"छे, कसला वास?" मी म्हटलं.

"हो ना? मला वाटलं, मलाच येत नाहीये." त्यांचा चेहरा जरा उजळला. मग खिशातून बाटली काढून त्यांनी मान मागे टाकली.