काळ्या कड्यांची पोत

गावचा आमचा शेजारी तुळशीराम कधी मुंबईला येत नसे. त्या दिवशी तो आमच्या संस्थेच्या फाटकाशी उभा दिसला, तेव्हाच मला कळलं.

"दादू, घरी चल," तो म्हणाला.

"गोदू?"

तो माझा दंड धरून चालू लागला.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच, तिथून एस.टी. वाटेत त्याने सांगितलं, ताप डोक्यात गेला, अलिबागला न्यायलाही वेळ मिळाला नाही.

हे १९५८ सालचं. मी ज्या संस्थेत फिटर आहे तिथे तेव्हा गणितं करणारं यंत्र बांधत होते. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून त्याला हुकूम द्यायचे, ते लक्षात ठेवून ते एकामागून एक हिशेब करणार. लक्षात ठेवायला मोहरीएवढ्या काळ्या कड्या होत्या, परदेशातून आणलेल्या. त्यांतून तांब्याच्या बारीक तारा ओवून चौकट भरायची. आम्हा फिटरांना ते जमेना. माझी बायको गोदू गावात बायकांना काळी पोत ओवून देत असे. म्हणून सबनीस साहेबांना विचारून एक चौकट मी घरी नेली. तिने ती निम्मी भरत आणली होती. कड्या सांडू नयेत म्हणून ती त्या आधी दोऱ्यात ओवून ठेवी आणि दोरा देवाजवळच्या खुंटीला अडकवी. मण्यांचंही ती तसंच करायची.

घरी पोचलो तर तिला हिरवं लुगडं नेसवून पडवीत ठेवलं होतं. गळ्यात तो दोरा होता. उरलेल्या सगळ्या कड्या त्यात होत्या.

शेजारची येसूवहिनी उशाशी बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, ही पोत न्हाय. सरकारी सामान हाय."

रडून तिचा आवाज बसला होता. "सरकारला गळा हाय का? जन्मभर दुसऱ्यांच्या पोती ओवल्यान्, तिची स्वतःची तुटलेली. ही खुंटीला दिसली, घातली. सवाष्ण बिनपोतीची पाठवू?"

"यंत्र अडेल, वहिनी."

"मंग काढ. नवरा हायस ना? तुझ्या हातानं काढ."

मी खाली बसलो. गाठ मानेमागे होती. तिची मान उचलावी लागली असती. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "चला, उचला."

तेरावं उरकून कामावर गेलो. चौकट साहेबांपुढे ठेवून झालं ते सांगितलं.

"वर काय कळवू मी?" ते म्हणाले.

"गहाळ झाल्या म्हणा."

"गहाळ कसं म्हणू? कुठे गेल्या ते तुला ठाऊक आहे, आता मलाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मागवू नव्या. वेळ लागेल."

नव्या कड्या पावसाळ्यानंतर आल्या. बाकीच्या चौकटी तोवर दुसऱ्यांनी भरल्या होत्या. त्यांच्यावर यंत्र सुरूही झालं. आमची चौकट साहेबांनी माझ्याकडेच ठेवली. रोज काम सुटल्यावर मी ती घेऊन बसतो. कानशी धरून बोटं जाड झाली आहेत. तार कडीच्या काठाला लागते, वाकते, मग ती टाकून दुसरी घ्यावी लागते. वरचा अर्धा भाग गोदूने भरलेला आहे. खालच्यात माझी एकही ओळ पुरी झालेली नाही.